पान अर्धं राहिलंय

पुस्तक त्यानं माझ्या हातून घेतलं नाही.

मी टेबलासमोर उभी. हात पुढे केलेला. तो खुर्चीसकट मागे सरकला. खांद्यावरचा रुमाल नाकाला लावला.

"बाहेर ओट्यावर ठेव. उन्हात. मिरचीचा वास जाऊ दे."

सकाळची वेळ. वाचनालयात पेपर वाचणारी माणसं भरलेली. कोर्टातला कारकून, निवृत्त मास्तर, दुकान उशिरा उघडणारे दोघं-तिघं. सगळ्यांनी पेपर खाली केले. एकानं मिशीत हसू दाबलं. मग सगळ्यांनी पेपर परत वर केले.

मी बाहेर गेले. ओट्यावर पुस्तक ठेवलं. उघडं करून ठेव, असं तो आतून ओरडला. मी उघडं केलं.

"तिथंच थांब. शेळी येईल, लक्ष ठेव. आणि हात लावू नको आता."

म्हणजे पुस्तक माझ्यापासून धुवायचं होतं, आणि त्याची राखणही मीच करायची होती.

मी केली. शाळेची घंटा झाली तरी उभी राहिले. नववीत होते. वाऱ्यानं पानं फडफडायची. मधेच एखादी ओळ दिसायची, पान उलटायचं, ओळ जायची. येणारे-जाणारे बघायचे. पोरगी पुस्तकासमोर हात मागे बांधून का उभी आहे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना न विचारताच समजलं होतं.

हे धुळे जिल्ह्यातल्या एका गावातलं. ऐंशीचं दशक नुकतं लागलेलं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं म्हणतील, बघा, ते गाव तसंच. सगळ्यांची सुटका होईल. ती सुटका मी देणार नाही.

गाव मिरचीचं. हिवाळा लागला की गावाबाहेर पथाऱ्या पडायच्या. पथारी म्हणजे मोकळं मैदान आणि त्यावर वाळत घातलेली मिरची. लांबून बघितलं तर जमीनच लाल दिसते. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया तिथं बसून मिरचीचे देठ खुडायच्या. आईपण. वडील सुरतेला मिलमध्ये, सणावारी यायचे. आईचे हात कायम पेटलेले. घरी आली की पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायची, कुणाशी बोलायची नाही. लुगड्याला मिरचीची खाट, तो नाकात जाणारा झणका, गोधडीला खाट. भाकरी मोडली तरी शिंक यायची. मग माझ्या दप्तराला वास येणार नाही तर काय होणार.

तर वास होता. मी नाही म्हणत नाही. पण पथारी कुणाची? शेठची. शेठ कोण? वाचनालयाचा अध्यक्ष. त्याची मुलगी माझ्याच वर्गात. तिच्या घराचा तळमजला मिरचीच्या पोत्यांनी भरलेला. तिची वही उघडली तरी माझ्या नाकात झोंबायचं. ती पुस्तक परत करायला आली की हाच माणूस अर्धवट उठून हात पुढे करायचा. ये गं ताई म्हणायचा, शेठची तब्येत विचारायचा. तिच्या पुस्तकाला ऊन लागत नव्हतं.

तो वाचनालयाचा ग्रंथपाल. सगळं गाव त्याला नाना म्हणायचं. मीपण म्हणायची, खाली मान घालून. इथं मी 'तो' लिहिणार आहे.

जात त्यानं कधी उच्चारली नाही. एकदाही नाही. मिरची म्हणाला. मिरचीला कायद्यात कलम नाही.

आमच्या वाड्यात प्रत्येक घरात एकच फोटो. कोट घातलेला, हातात पुस्तक. फोटो होता, पुस्तक नव्हतं. पुस्तक म्हणजे शाळेचं, तेही जुनं, आधीच्या पोरानं पेनानं रेघोट्या मारलेलं. शाळेतल्या हिंदीच्या बाईंनी मला वाचनालयाची सभासद केलं. त्या बदलून आलेल्या, बऱ्हाणपूरकडच्या. त्यांना गाव माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी सही केली असती का, मला सांगता येत नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली.

ओट्यावरची ती राखण बरेच दिवस चालली. पुस्तक परत करायचं, ओट्यावर ठेवायचं, उभं राहायचं. मग तो आत बोलावायचा आणि नवं पुस्तक काढून टेबलाच्या कडेला सरकवायचा. मी निवडायचं नाही. कपाटाजवळ जायचं नाही. कव्हर गेलेलं, पानं सुटलेलं, दुसरं कुणी नेत नाही असं पुस्तक मला. मी घरी सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या हाताचा वास मला लागलाय म्हणून?

मग मला एक खूळ लागलं. ठरवलं, त्याची सगळी कपाटं वाचून टाकायची. देईल ते वाचायचं, लगेच परत करायचं, दुसरं मागायचं. त्याला कंटाळा आला पाहिजे. त्याला कळलं पाहिजे. काय कळलं पाहिजे, ते मला नीट माहीत नव्हतं. पण कळलं पाहिजे.

मी वाचत सुटले. शाळेतून आले की पथारीवर आईजवळ जायची आणि मिरचीच्या ढिगाला पाठ लावून पानं उलटायची. ओळीवरून डोळे धावायचे. डोक्यात मात्र तो. परत करायला गेले की तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, त्याचं तोंड कसं होईल. पुस्तक संपायचं. मी पळत जायची. ओटा, ऊन, राखण. नवं पुस्तक. परत तेच.

एक दिवस आईनं विचारलं. तिला वाचता येत नाही. ती साक्रीकडची, बोलणं सगळं अहिराणी. देठ खुडता खुडता सहज म्हणाली,

"काय व्हयनं त्यामा?"

मी नुकतंच पुस्तक मिटलेलं. जाड पुस्तक. मी सांगायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. एक माणूस होता. त्याचं कुणीतरी मेलं. कोण मेलं? का मेलं? आठवेना. शेजारच्या बायांनी माना वर केल्या. मी काहीतरी जुळवायला लागले, तेपण जमेना.

आई म्हणाली, "मंग इतला येळ तू काय करी राह्यनी व्हती?"

टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. इतका वेळ बसून माणसाच्या हाती काहीच कसं येत नाही? तिच्यासमोर तर खुडलेल्या देठांचा ढीग दिसत होता.

मला कान उपटल्यासारखं झालं. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं, की हे सगळे दिवस मी पुस्तक वाचतच नव्हते. मी त्याला वाचत होते. त्याचा रुमाल, त्याची खुर्ची, त्याचं मागं सरकणं. पान कुठलंही असो, मजकूर तोच. त्यानं मला ओट्यावर उभं केलं होतं, आणि मी घरी येऊनही ओट्यावरच उभी होते.

अपमान असाच काम करतो. त्या घटकेचा अपमान माणूस सोसतो. पण तो घरी बरोबर येतो आणि डोक्यातली जागा धरून बसतो. मग तिथं दुसरं काही बसत नाही.

मी पुस्तक घरी आणणं बंद केलं.

वाचनालयाच्या दारावर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. वाचन कक्ष, सर्वांसाठी विनामूल्य. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल ओट्यावर उभी राहून. पण ते आपल्याला लिहिलंय असं डोक्यात आलं नव्हतं. आता आलं. न्यायचं नाही, परत करायचं नाही, म्हणजे ऊन दाखवायचा प्रश्नच नाही. आत बसायचं आणि वाचायचं.

माझ्याबरोबर शोभा आली. आमच्याच गल्लीतली, माझ्याच वयाची. वाचायला माझ्यापेक्षा हुशार. धडा एकदा वाचला की तिला पाठ व्हायचा. पायरीवर आलो आणि आतल्या एकानं नुसतं बघितलं.  शोभा म्हणाली, "मी जाते गं." आणि गेली. परत आली नाही. मी तिला दोष देत नाही. पायरीवरून परत जाणंच सोपं होतं, कारण पायरी तशीच बांधलेली होती.

मी आत गेले. कपाटातून पुस्तक काढलं. स्वतः काढलं. बर्फाच्या समुद्रात जहाज अडकलेल्या माणसांची हकिकत होती. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. बसले.

माझ्या शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

तो आला. हळू आवाजात म्हणाला, "इथं पुरुष बसतात. पोरीच्या जातीनं इथं बसणं बरं दिसत नाही."

बघा, जात आली शेवटी. पण पोरीची आली.

मी म्हटलं, बाहेर सर्वांसाठी लिहिलंय.  तो पंख्याचं बटण बंद करून गेला. बाकीच्यांना पण उकडलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. पंखा मी बंद केला असं.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची नव्हती. कमिटीच्या मिटिंगला लागते म्हणून आतल्या खोलीत नेलेली. मी पेपरच्या उंच स्टँडजवळ उभी राहून वाचलं. तिसऱ्या दिवशी मी वाचत असतानाच त्यानं झाडू मारायला घेतला. धूळ माझ्या बाजूला. मग किल्ल्यांचा जुडगा वाजवत फेऱ्या. मग दोघं-तिघं मोठ्यानं बोलायला लागले, फुकट सवलतींबद्दल, आजकाल कुणाचे कसे दिवस आलेत त्याबद्दल. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघून बोलले.

वाचनाची गोडी लागते म्हणतात. मला गोडी लागली नाही. मी वाचायला शिकले ते दात आवळून.

पहिल्या दिवसांत एक पानसुद्धा होत नव्हतं. ओळीखाली बोट धरायची. कुजबुज कानात आली की ओळ सुटायची. मग परिच्छेदाच्या सुरुवातीला परत. परत कुजबुज. परत सुरुवात. कधीकधी शाळेची वेळ व्हायची आणि मी अजून त्याच परिच्छेदात. पण एक गोष्ट पक्की केली होती. पुढे जायचं तर कळून जायचं. डोळे फिरवून जायचं नाही. कारण संध्याकाळी आई विचारणार होती.

आई रोज विचारायची. मी पथारीवर बसून सांगायची. बर्फात जहाज कसं रुतलं. लाकडं कशी कडकडली. माणसं जहाज सोडून बर्फावर उतरली. बाया देठ खुडत ऐकायच्या. भर उन्हात, मिरचीच्या आगीत बसून बर्फ ऐकायच्या. त्यांतल्या एकीनंही बर्फ बघितलेला नव्हता, गाडीवरचा किसलेला सोडला तर. मी एखादी गोष्ट गाळली की लगेच पकडायच्या. काल तर तो म्हातारा मागं राहिला होता, मग आज तो पुढे कसा? मला परत जाऊन बघावं लागायचं. उद्या वाचताना त्या म्हाताऱ्यावर नजर ठेवावी लागायची.

अशानं माझं चित्त पानावर बसायला लागलं. संध्याकाळी सांगायला जे पाहिजे होतं ते समोर होतं, म्हणून बसलं. किल्ल्या वाजत होत्या, पण त्या लांब कुठंतरी. एक दिवस मान वर केली तर पेपरवाले सगळे उठून गेलेले होते. ते कधी गेले, मला कळलंच नव्हतं. त्या दिवशी मी घरी पळत गेले. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नाही.

आणि हेच त्याला सहन झालं नाही. मी येते, हे त्यानं चालवून घेतलं असतं. माझं त्याच्याकडे लक्ष नाही, हे चाललं नाही.

त्या सकाळी शेठ वाचनालयात आलेला. अध्यक्ष आला की सगळे उठून उभे राहायचे. पेपरवाल्यांची एक खुर्ची त्या दिवशी रिकामी होती, मी तिच्यावर बसलेली. मी वाचत होते. खरं सांगते, मला कळलंच नाही. अनादर करायचा म्हणून बसले नव्हते. बर्फ फुटत होता, माणसं होड्या ओढत होती, तो म्हातारा पाय घसरून पडला होता.

पुस्तक माझ्या हातातून हिसकलं गेलं.

त्यानं हिसकलं. उघड्या हातानं. रुमाल नव्हता. त्या घटकेला त्याला वास आला नाही.

"उठ. अध्यक्ष आलेत, दिसत नाही? चल, बाहेर हो."

सगळी खोली बघत होती. शेठ दारात उभा, हातात छत्री.    याआधी याच माणसानं बाहेर म्हटलं की मी बाहेर गेले होते. शेळी हाकलली होती.

मी म्हटलं, "पान अर्धं राहिलंय. द्या ते."

"काय म्हणालीस?"

"पान अर्धं राहिलंय. पुस्तक द्या."

"तुझ्या आईला सांगू का?"

"सांगा. पुस्तक द्या."

माझा आवाज मोठा नव्हता. ओरडले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. उद्धट पोरगी म्हणून हाताला धरून काढली असती. मी नुसता हात पुढे करून उभी राहिले. तसाच, पहिल्या दिवशी केला होता तसा. तो शेठकडे बघायला लागला.  शेठ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आतल्या खोलीत निघून गेला.

त्यानं पुस्तक टेबलावर आपटलं. एक पान सुटून खाली पडलं. मी उचललं, जागेवर लावलं. परत बसले, माझं पान शोधलं. वाचायला लागले.

अक्षरं हलत होती. काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकच ओळ. म्हातारा पडला. म्हातारा पडला. डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात उचलायचा नव्हता. सगळे बघत होते. मी तीच ओळ वाचत राहिले, ती डोक्यात शिरेपर्यंत. मग पुढची. त्या एका पानाला जेवढा वेळ लागला तेवढा पुढे आयुष्यात कुठल्याच पानाला लागला नाही. पण पान पूर्ण केलं. मगच उठले.

दुसऱ्या दिवशी आई कामाला गेली आणि ऊन वर यायच्या आत परत आली. मुकादमानं सांगितलं होतं, शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नको. कारण सांगितलं नाही. आईनं वाटेत इकडून-तिकडून ऐकलं.

दारातच तिनं मला मारलं. हात पेटलेला, गाल पेटला.

"तुन्हा पुस्तकना पायी मन्हं काम गयं. तठे काय गाडेल शे तुन्हं?"

 ती बरोबर होती. हंगाम भर जोरात, घरात दुसरं कमावणारं जवळ नाही, आणि मी एका पानासाठी तिचं काम घालवलं होतं. हेच तर त्यांना पाहिजे होतं. मला हाकलायचं नाही. माझ्याच माणसाच्या हातून मला मागं ओढायचं.

पुढच्या सकाळी मी वाचनालयात गेले नाही. भांडी घासत बसले. आई डोक्याला फडकं बांधत होती, दुसऱ्या गावच्या शेतात कापूस वेचायला जाणार होती. लांब होतं, चालत जायचं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"का बरं नही गई?"

मी म्हटलं, तुझं काम गेलं ना.

ती फडक्याची गाठ मारत म्हणाली, "काम गयं ते गयं. आते तू तठून उठनी ते लोके म्हनतीन, एक शब्द सांगा आन् ह्या उठतंस. तू आते उठनी ते माले तोंड दखाडू नको."

डोक्यावरून हात फिरवला नाही. जवळ घेतलं नाही. भाकर बांधली आणि गेली.

मी भांडी तशीच टाकली आणि गेले.

बारावीपर्यंत जात राहिले. तो राहिला, खुर्ची आली नाही, मी उभीच वाचत राहिले. पेपरवाले बदलले. टोमणे तेच राहिले. आई संध्याकाळी शेतातून यायची, घमेल्यात हात नाही बुडवायची आता, कापसाच्या बोंडांनी बोटं फाटलेली असायची. तरी विचारायची, काय व्हयनं? आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना ती तेच तिथल्या बायांना सांगायची. मी सांगितलेलं जहाज तिच्या सांगण्यात तापी नदीत अडकायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

पुढे धुळ्याला डी.एड. केलं. वसतिगृहात एका खोलीत गर्दी, रेडिओ, भांडणं. बाकीच्या मुली म्हणायच्या, तुला यात वाचायला कसं जमतं? मी हसायची. यात काय होतं? इथं कुणी माझ्या अंगावर धूळ झाडत नव्हतं.

नोकरी जळगाव जिल्ह्यात लागली. यावल तालुक्यातल्या एका गावातली शाळा, चहूकडे केळीच्या बागा. राहायला जळगाव शहरातल्या पिंप्राळ्यात भाड्याची खोली, लग्नानंतर तिथंच घर. आई माझ्याकडे आली. रोजची एसटी. मी सकाळी नळाला पाणी यायच्या आधी उठते आणि वाचायला बसते. मुलं झाली, आजारपणं झाली, तो वेळ मी सोडला नाही. शाळेत स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्हाला काय गरज एवढं वाचायची, तुमचं तर प्रमोशन राखीव आहे. मी मान वर केली नाही. ऐकू आलं होतं. पण ओळ सुटली नाही.

नव्वदच्या दशकात, माझी नोकरी चांगली मुरल्यावर, एका रविवारी दारात गाडी थांबली. शेठ उतरला. म्हातारा झालेला, हातात काठी. बरोबर वाचनालयाचा नवा सेक्रेटरी. आत आले, बसले. मी चहा केला. शेठनं माझ्या घरचा चहा प्यायला, कप शेवटपर्यंत रिकामा केला. तेवढं बदललं होतं. किंवा तेवढी गरज होती.

वाचनालयाचा मोठा वर्धापनदिन होता. सरकारी पाहुणा येणार होता, अनुदान वाढणार होतं. त्यांना सत्कार करायला माणसं पाहिजे होती. वाचनालयात घडलेली. सेक्रेटरी म्हणाला, तुमच्यासारखं उदाहरण दुसरं नाही. तुमच्या समाजातून. त्यानं 'तुमच्या समाजातून' हे इतक्या गोड आवाजात म्हटलं की मला परत ते हिसकलेलं पान आठवलं.

शेठ म्हणाला, सत्कार नानांच्या हातून. नाना थकलेत आता. त्यांनीच तुला वाचनाची सवय लावली, तर त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचे.

मी विचारलं, "काय बोलू? त्यांनी मला काय केलं ते बोलू?"

 शेठ माझ्यापेक्षा शहाण्या माणसानं समजवावं तसं बोलला.

"जुनं काढू नको, बेटा. आणि एक बघ. तुला त्रास झाला म्हणूनच तू जिद्दीनं वाचलंस. भलंच झालं ना तुझं त्यातून?"

आई आतल्या खोलीत बसलेली. तिला सगळं ऐकू येत होतं. तिचं काम घालवणारा माणूस पुढच्या खोलीत चहा पिऊन बसलेला.

मी म्हटलं, "शेठ, त्रासानं वाचन होत नाही. त्रासानं वाचन बंद पडतं. माझ्या शेजारची शोभा तुमच्या पायरीवरून परत गेली. माझ्यापेक्षा हुशार होती. अजून तुमच्या पथारीवर बसते. भलं झालं असेल तर आधी तिला शाल द्या."

सेक्रेटरी खाली बघायला लागला. शेठचा चेहरा बदलला. मला तो चेहरा ओळखीचा होता. त्या सकाळी दारात छत्री घेऊन उभा होता तोच.

"म्हणजे येणार नाहीस?"

"नाही."

"पत्रिकेत नाव छापलंय."

"खोडा."

ते गेले. आई बाहेर आली.  शेठचा कप उचलून मोरीत नेला, धुतला आणि बाकीच्या कपांत ठेवला.

नाव त्यांनी खोडलं नाही. गावाकडून कळलं, स्टेजवरून माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. प्रकृती बरी नसल्यामुळे मॅडम येऊ शकल्या नाहीत, असं सांगितलं. नानांनी घडवलेली विद्यार्थिनी. तो खुर्चीत बसून हात जोडत होता म्हणे.

माझं पुस्तक हिसकलं, आईचं काम घेतलं, शोभाला पायरीवरून परत पाठवलं. आणि राहिलं होतं ते माझं वाचन, तेपण स्वतःच्या नावावर लावून घेतलं. माणूस आपल्याला काही द्यायचं नाकारतो, आणि आपण ते स्वतः मिळवलं की म्हणतो, मीच दिलं.

म्हणून हे लिहिलं. त्या टाळ्या चुकीच्या माणसासाठी वाजल्या, एवढं कागदावर असावं.

मला वाचनाची सवय कुणी लावली नाही. मी लावून घेतली, उभी राहून, त्यांच्या डोळ्यांदेखत. ती एकदा लागली की आपली झाली, असं पण नाही. रोज ती परत लावावी लागते. रोज कुणीतरी काहीतरी बोलतं, रोज डोकं तिकडे जायला बघतं, रोज त्याला ओढून ओळीवर आणावं लागतं. आणि माझ्या वर्गातल्या पोरांना मी हेच शिकवते. पुस्तक द्यायची विनवणी करू नका. कपाट उघडा, काढा, बसा. कुणी उठवायला आलं तर पान पूर्ण केल्याशिवाय उठू नका.

राग गेलेला नाही. मी त्याला घालवणारही नाही. पण सकाळचा तो वेळ त्याला मिळणार नाही. ना शेठला, ना नानाला, ना स्टाफरूमला. उद्या पण नळाला पाणी यायच्या आधी मी बसणार आहे. ज्याला बोलायचं असेल त्यानं बोलावं. मी उठणार नाही.